कोपीजवळची हिरवी तूर

मुडबीत तुरीचं बी हवं असलं की लोक आधी सरुबाईच्या अंगणात यायचे, आणि तिथं नाहीच जमलं तर दुकानात जायचे. सरुबाईचं बी फुकट होतं, पण सोपं नव्हतं. आलेल्याला ती ओट्यावर बसवायची, तांब्याभर पाणी द्यायची आणि मग फौजदारानं करावी तशी त्याची चौकशी करायची. गेल्या साली नेलेल्या बियाचं काय केलं? शेंगा भरल्या का? पहिली आमटी कुणाला वाढली? एखादा बिचारा "बायकोला इचारून सांगतो" म्हणाला की संपलं. "आमटी खाल्ल्याली याद न्हाई, त्येला बी कामून देऊ?" असं म्हणून ती त्याला हात हलवत परत लावायची. आणि दिवस कलला की नवऱ्याला, नरसिंगला, त्याच माणसाच्या घरी बियाची पिशवी घेऊन पिटाळायची. नरसिंगनं उभ्या संसारात असे किती उंबरे गाठले याला गणती नाही. तो फक्त चपला घालायचा.

सरुबाई साठीला टेकलेली, अंगानं किरकोळ आणि आवाजानं दांडगी बाई. तुरीचं हे बी तिनं लग्नात माहेराहून, निर्ण्याहून, पदराच्या गाठीत आणलं होतं. तिच्या आईला ते तिच्या आईकडून आलेलं. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातला देव्हारा गेला, उतरंड तेवढी राहिली, असं ती हसून सांगायची. तशाच उतरंडीच्या मडक्यांत राख आणि लिंबाचा पाला घालून तिनं चाळीस वर्षं ते बी जपलं. दाणा बारीक, तांबूस, आणि दोन उकळ्यांत मऊ शिजणारा. गावात त्याला नुसती 'सरुची तूर' म्हणत.

तिच्या हाताला दुसरीही एक विद्या होती, वाकळ शिवायची. जुनी लुगडी घेऊन बायका तिच्याकडं यायच्या आणि शिकून जायच्या. सगळ्यांत आधी यायची ती शेजारच्या रानातली सिद्धम्मा. तिचे मालक वीरभद्रप्पा हे गावातलं वजनदार माणूस. बोलतील ते दहाजण ऐकायचे. सिद्धम्मा वेळ अमावस्येच्या सणाला सरुबाईच्या रानात येऊन आंबील प्यायला लागली त्याला वीस वर्षं झाली होती. आप्पा मात्र कधी आले नव्हते. दर साली त्यांचं पोट नेमकं त्याच वेळी भरलेलं असायचं. सरुबाईनं त्याचा राग धरला नाही, पण विसरलीही नाही.

तर एका साली अशी गत झाली की दिवाळी सरली तरी सरुबाईच्या तुरीला फूल धरेना. झाडं हिरवीगार, झुडपासारखी दाटलेली. पानं बारीक, त्यांवर फिकट पिवळे ठिपके, आणि शेंगेचं नाव नाही. आठ दिवसांत शेजारच्या रानात तेच दिसलं, मग त्याच्या शेजारी. सरुबाई धरून अकरा जणांची तूर वांझ गेली. त्या अकरांतल्या दहा जणांनी बी सरुबाईकडून नेलेलं होतं, आणि वीरभद्रप्पा त्या दहांतलेच एक. त्यांच्या तीन एकरांत शेंग म्हणून दिसेना तेव्हा ते चावडीवर बसून सगळ्यांसमक्ष म्हणाले, "सरुचं बी वांझ निघालं. पयल्यांदा रोग तिच्याच रानात दिसला. आनखी काय पुरावा पायजे?"

आप्पांचा शब्द, मग काय विचारता. सिद्धम्मानं त्या हिवाळ्यात लुगडी आणली नाहीत. बोलणारे वाट वाकडी करून जाऊ लागले. एके सकाळी सरुबाईनं दार उघडलं तर बाहेरच्या खुंटीला कुणीतरी उरलेल्या बियाची पिशवी आणून टांगली होती. ती पिशवी हातात घेऊन ती खाली बसली आणि रडली. तिला शेंगा गेल्याचं इतकं वाटलं नाही, एक साल गेलं तर दुसरं येतं. "पर बी आसं एकाच रानात ऱ्हाइलं की मरतंय," ती नरसिंगला म्हणाली. "ह्या मिरगाला जर कुनी न्हेलं न्हाई, तर माज्या आईचं बी माज्यासंगं जानार." नरसिंग उठला. त्यानं चहा ठेवला.

त्याच आठवड्यात कलबुर्गीहून सौम्या आली. तिशीच्या आतली, स्कूटीवर हेल्मेट घालून, मागं बर्फाची पेटी बांधलेली. तिथल्या संशोधन केंद्रात ती तुरीच्या रोगांचा अभ्यास करायची. ती रानोरान हिंडून पानं तोडायची, पाकिटात घालायची आणि पाकिटावर शेतकऱ्याचं नाव लिहायची. सरुबाईनं बांधावरूनच हटकलं.

"ए पोरी, पानं कामून तोडायलीस? जनावराला घालायचीत का?"

"न्हाई अव्वा. ह्याला आमच्याकडं गोड्डु रोग म्हन्तेत, म्हंजे वांझ रोग. विषाणूनं होतो. तो विषाणू कुठनं आला ते शोधायलेय."

"त्ये पानाला इचारून कळतंय व्हय?"

"कळतंय," सौम्या म्हणाली. तिच्या मराठीत कन्नडचा सूर होता आणि तो सरुबाईला आवडला.

"मग माजं बी बी घेऊन जा. त्येलाबी इचार." आणि तिनं उतरंडीतलं ओंजळभर बी काढून दिलं, वर दोन भाकरी बांधून दिल्या.

तीन-चार आठवड्यांनी सौम्या परत आली ती कागदांची गुंडाळी घेऊनच. पहिली बातमी चांगली होती. सरुबाईच्या बियाची दोनशे रोपं तिनं जाळीच्या आत वाढवली होती आणि एकालाही रोग नव्हता. हा विषाणू बियातून जातच नाही. डोळ्यांना न दिसणारा, कोळ्याच्या जातीचा एक किडा त्याला झाडावरून झाडावर नेतो, आणि त्या किड्याला वारा नेतो. सरुबाईनं तिला तशीच हाताला धरून चावडीवर नेलं. सौम्यानं तिथं सगळं सांगितलं. लोकांनी ऐकलं, माना डोलावल्या, आणि वीरभद्रप्पांनी एकच प्रश्न विचारला.

"मग आला कुठनं?"

सौम्याला ते सांगता येईना. झालं, लोक उठले. ठिकाण कळल्याशिवाय कुणाला काही पटत नाही, आणि सरुबाईचं नाव तर सगळ्यांच्या तोंडी बसलेलं.

घरी आल्यावर सरुबाईनं तो कागद जमिनीवर पसरायला लावला. त्यावर एक झाड काढलेलं होतं. बुंधा एक, मग फांद्या, फांद्यांना फांद्या, आणि शेवटी बारीक अक्षरांत अकरा शेतकऱ्यांची नावं.

"आता ह्ये मला नीट सांग. मी अडानी न्हाई, नुसती शाळंत गेले न्हाई."

सौम्या मांडी घालून बसली. "विषाणू सोताची नक्कल करतो अव्वा. त्याच्या पोटात जनुकांची लांब साखळी असती, ती उतरवून घेतो. उतरवताना कुठं कुठं चुकतो. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत ऱ्हाते. पुढचा आनखी येक नवी चूक करतो. दोघांच्या साखळ्या शेजारी ठेवून चुका बघितल्या की कोन कुनापासून निघाला ते कळतं."

सरुबाईनं कागदावरून नजर काढली, उठली, आणि कोनाड्याखालच्या तीन वाकळा ओढून आणल्या. "ह्ये बग. ही माज्या गुरूची, लिंगम्माची. तिचं बोट वाकडं व्हतं. कोपऱ्यावर तिचा टाका दुहेरी पडायचा. आमी तिच्याकडं शिकलाव, आमाला वाटलं आसाच घालायचा आसतो. ही माजी. कोपऱ्यात दुहेरी हायेच, वर मी डाव्या अंगानं सुरुवात करते. मी डावरी हाय न्हवं. आन ही माज्याकडं शिकलेल्या पोरीची. दुहेरी हाय, डावं हाय, आन तिची सोताची येक गाठ. मुडबीत कुनाचीबी वाकळ आन, तिला कुनी शिकवलं त्ये सांगते."

सौम्या त्या तीन वाकळांकडं बघतच राहिली. "अव्वा, ह्येच. आगदी ह्येच. मला ह्ये शिकायला सहा वर्षं लागली."

"मला चाळीस लागली," सरुबाई म्हणाली. "आता सांग, तुज्या कागदावर लिंगम्मा कुठाय?"

नेमकी तिथंच गोची होती. अकराही रानांतल्या विषाणूंत काही चुका सारख्या होत्या, म्हणजे सगळ्यांचा मूळपुरुष एकच. पण सगळ्यांनीच वर नव्या चुका चढवलेल्या. मूळपुरुषाच्या जवळचा असा एकही नमुन्यांत नव्हता. सरुबाईच्या रानातला तर चांगला धाकटा निघाला होता. याचे लांबचे भाऊबंद डोंगरातल्या रानतुरीवर सापडतात, सौम्यानं सांगितलं, पण ते फारच लांबचे. या गावापुरता जो पहिला, तो अजून कुठंतरी उभा असला पाहिजे.

"उन्हाळाभर हिरवं ऱ्हायलेलं येखादं झाड आसनार," ती म्हणाली. "त्याच्यावर तो जगला आसनार."

सरुबाईच्या हातातली वाकळ तशीच राहिली. "आप्पाच्या रानातली पानं घेतलीस?"

"घेतली. मधल्या पट्ट्यातली."

"आन कोपीजवळची?"

"ती तोडू दिली न्हाई. देवाची हाय म्हनले."

आता ही कोपी म्हणजे काय ते सांगायला हवं. या मुलखात वेळ अमावस्येला सगळं गाव रानात जेवायला जातं. कडब्याची खोप उभी करतात, आत पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आणि आंबील शिंपत रानाला फेरा घालतात. बाजूची तूर त्या दिवसांत वाळून पिवळी पडलेली असते. पण चार सालांमागं वीरभद्रप्पांच्या कोपीजवळची एक तूर वाळलीच नाही. सगळं रान सुकलं तरी ती हिरवीगार. आप्पांना तो प्रसादच वाटला. त्यांनी ती कापली नाही, उन्हाळ्यात घागरीनं पाणी घातलं, बुंध्याला विभूती लावली आणि पुढच्या साली कोपी तिच्याच सावलीला घातली. बाया तिला हात जोडायच्या. शेंग तिला कधी आली नव्हती, पण देवाच्या झाडाला शेंगा कोण विचारतो. आणि ती उभी होती बरोबर सरुबाईच्या बांधाच्या पश्चिमेला. पावसाळ्याचा सगळा वारा तिकडूनच येतो.

सरुबाईनं हे सौम्याला सांगितलं तेव्हा सौम्या चटकन उभी राहिली. पानं हवीत, आणि आप्पा तर हात लावू देणार नाहीत. चोरून आणायची नाहीत असं सरुबाईनं बजावलं. "चोरीचं पान आनलं तर परत मीच चोर. त्येनं सोताच्या हातानं दिलं पायजे." आणि मग तिच्या तोंडावर दोन महिन्यांनी पहिल्यांदा हसू आलं. "वेळ अमाशेला ये. चालत फिरायची तयारी ठेव."

वेळ अमावस्येचा एक रिवाज आहे. त्या दिवशी रानाशेजारून जाणाऱ्या माणसाला उपाशी जाऊ द्यायचं नाही. ओळखीचा असो, नसो, हाक मारायची आणि पानावर बसवायचं. सरुबाईच्या घरी पांडवांची पूजा नव्हती, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी मात्र दरसाल व्हायची, तशी त्या दिवशीही झाली. कुणी आलं नाही. नरसिंगला ज्वारीच्या उंड्यांच्या राखणीला बसवून ती सौम्याला घेऊन निघाली, आणि वीरभद्रप्पांच्या बांधावरून सावकाश चालत गेली. आप्पा आभाळाकडं बघू लागले. ढग एकही नव्हता. थोड्या वेळानं दोघी त्याच वाटेनं परत आल्या. आप्पा खाली वाकून चपलेतला खडा शोधू लागले. तिसऱ्यांदा मात्र सिद्धम्मा कोपीबाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सरुक्का, सकाळधरनं वाट तुडवायलीस. आता बैस की जेवायला. का पायाच पडू?"

"बोलावलं तर बसंन," सरुबाई म्हणाली आणि बसलीसुद्धा.

भज्जी झाली, आंबील झाली, खीर झाली. सिद्धम्मा न विचारता वाढत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. आप्पा पानाकडं बघत जेवत होते. हात धुताना सरुबाई म्हणाली, "आप्पा, वेळ अमाशेला आलेल्याला रिकामं लावत न्हाईत."

"काय पायजे?"

"कोपीजवळच्या तुरीची चार पानं. ह्या पोरीला."

आप्पांचा चेहरा उतरला. ते मूर्ख नव्हते, कशाला हवीत ते त्यांना त्याच क्षणी कळलं. "देवाचं पान तपासाय न्हेतीस?"

"देवाचं आसंल तर देवाचंच निघंल. त्येला कशाचं भेव?"

आप्पांनी हात धोतराला पुसले. मग वीरभद्रप्पा उठले, त्या तुरीपुढं गेले, कपाळाला हात लावला आणि स्वतःच्या हातानं चार पानं तोडून सौम्याच्या पाकिटात घातली.

शिमग्याच्या आधी सौम्या आली. नवा कागद तिनं ओट्यावरच उलगडला. त्या एका झाडावर विषाणूची अख्खी वस्ती नांदत होती. त्यांतले काही अगदी बुंध्याजवळचे, ज्यांच्यात फक्त त्या सामाईक चुका होत्या आणि वरची एकही नाही. अकराही रानांच्या फांद्या तिथूनच फुटत होत्या. "शास्त्रात शंभर टक्के कुनी म्हनत न्हाई," सौम्या म्हणाली, "पर अव्वा, लिंगम्मा सापडली."

सरुबाईला इतका आनंद झाला की तिनं सौम्याचे गाल दोन्ही हातांनी धरले आणि सोडेचना. मग तिला राग आला. पदर खोचून ती उठली. "चावडीवर माजं नाव घेतलं, आता चावडीवरच त्येचं घेते."

नरसिंग शेंगदाणे सोलत बसला होता. तो फक्त म्हणाला, "मग पुढल्या वेळ अमाशेला भज्जी कुठं खायची?"

सरुबाई उंबऱ्यातच थांबली. बराच वेळ धुसफुसली. शेवटी सौम्याला म्हणाली, "तू येकली जा. त्येलाच सांग, आन कन्नडात सांग. त्येच्या घरच्या भाशेत जरा कमी लागतंय."

सौम्यानं तसंच केलं. चावडीवर तिनं कुणाचं नाव न घेता एवढंच सांगितलं की उन्हाळ्यात जुनी तूर कुणी उभी ठेवायची नाही, उपटून जाळायची. दुसऱ्या दिवशी सरुबाईला बांधावरून दिसलं, आप्पा एकटेच कुदळ घेऊन कोपीजवळ राबत होते. संध्याकाळपर्यंत तिथं राखेचा ढीग होता. पण ते कुणाशी काही बोलले नाहीत. गावाला वाटलं देवाची तूर आपसूक वाळली. दिवस जात राहिले, आणि सरुबाईचा जीव टांगणीला लागला. आप्पांनी तोंड उघडलं नाही तर वांझ बियाचं नाव तसंच राहणार. आता तरी जाऊन सांगावं असं तिला रोज वाटायचं, आणि रोज ती मडक्यातली राख बदलत बसायची.

मृग निघाला. पहिल्या दिवशी अंगणात कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी चार-पाचजण आले ते नुसते रस्त्यावर उभे राहिले, आत कुणी येईना. तेवढ्यात वीरभद्रप्पा पांढरं धोतर नेसून, काखेत रिकामी पिशवी घेऊन आले, आणि सगळ्यांच्या मधून सरळ ओट्यावर येऊन बसले. नरसिंगनं पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी तो घेतला आणि पाणी प्यायले.

सरुबाई पदर सावरून समोर बसली. नेम तो नेम.

"गेल्या साली न्हेल्याल्या बियाचं काय केलं?"

"पेरलं," आप्पा म्हणाले. आवाज चावडीवर असतो तेवढाच मोठा होता. "बी चांगलं व्हतं. माज्या कोपीजवळच्या तुरीवर रोग व्हता, तिनं खाल्लं. माजं खाल्लं, तुजं खाल्लं, ह्या सगळ्यांचं खाल्लं. चार सालं मी तिला पानी घातलं आन विभूती लावली. आन नाव तुजं घेतलं. माजी चूक झाली, सरुबाई."

रस्त्यावरचे सगळे ऐकत होते. आतल्या दारात नरसिंग उभा राहिला.

"शेंगा भरल्या का?" सरुबाईनं विचारलं.

"कुठनं भरनार?"

"पहिली आमटी कुनाला वाढली?"

"आमटी झालीच न्हाई."

"मग बी न्हाई," सरुबाई म्हणाली.

लोकांत कुजबुज सुरू झाली. आप्पांनी मात्र मान डोलावली, पिशवीची घडी घातली आणि निघून गेले. त्यांना रिवाज ठाऊक होता. मागचे चार-पाचजण हळूहळू आत आले, ओट्यावर बसले आणि त्यांनी आपापली चौकशी करून घेतली. ज्यांची तूर रोगातून वाचली होती ते दोघे पास झाले.

दिवस कलला तसा नरसिंग चपला घालायला लागला. सरुबाईनं त्याला थांबवलं. "तू बस. ह्या घरी मी जाते." एका हातात बियाची पिशवी, दुसऱ्या हातात डबा. उतरंडीत मागच्याच्या मागच्या सालची शेरभर डाळ उरली होती, तिची आमटी तिनं दुपारी केली होती.

आप्पा पडवीत बसले होते. तिनं डबा त्यांच्यापुढं ठेवला आणि झाकण काढलं. लसणाचा वास सुटला. सिद्धम्मा भाकरी घेऊन दारात आली आणि तिथंच उभी राहिली. यंदा आप्पांचं पोट भरलेलं नव्हतं. त्यांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि खाल्ली. मग दुसरी भाकरी मागितली. डबा पुसून होईपर्यंत सरुबाई समोर बसून राहिली.

"आता याद ऱ्हाईल?" तिनं विचारलं.

"ऱ्हाईल," आप्पा म्हणाले.

तेव्हा तिनं बियाची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.